सीताबर्डी, स्पेक्ट्रोमीटर आणि नवी भौतिकी

सीताबर्डीची टेकडी इतिहासाच्या पुस्तकात येते ती २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे. अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा तिथे पराभव झाला, नागपूरच्या राज्याचे भवितव्य इंग्रजांच्या हाती गेले आणि टेकडीवर किल्ला उभा राहिला. या परिसराचा दुसरा एक इतिहास मात्र सहसा कुणी सांगत नाही. नागपूरकर ज्याला नुसते ‘बर्डी’ म्हणतात, तिथे १८८५ साली मॉरिस कॉलेज सुरू झाले. तिथून पायी जाता येईल अशा अंतरावर १९०६ साली व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स निघाले, तेच आजची शासकीय विज्ञान संस्था. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचा कारभारही याच टापूत, महाराजबागेच्या बाजूला रुजला. क्ष-किरण, इलेक्ट्रॉन, पुंजवाद, सापेक्षता, अणुकेंद्रक हे विसाव्या शतकाचे भौतिकशास्त्र मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या मुलांपर्यंत पोहोचले ते या वाटेने. माझे म्हणणे असे की, ते कुणा थोर शास्त्रज्ञाच्या पायगुणाने आले नाही. ते आले बी.एस्सी.च्या साध्या अभ्यासक्रमातून, म्हणजे संलग्नता, प्रयोगशाळा, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा या चार गोष्टींतून. या शहराच्या विज्ञानाचा इतिहास लिहायचा तर आधी त्या अभ्यासक्रमाचा लिहावा लागेल.

मॉरिस कॉलेज निघाले तेव्हा भौतिकशास्त्र हा विषय जवळजवळ पूर्ण झाला आहे असे युरोपातल्याही अनेक जाणत्यांना वाटत होते. न्यूटनची गतिकी, उष्णता, ध्वनी, प्रकाश, वीज आणि चुंबकत्व एवढे शिकले की विषय संपला. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर दहा वर्षांनी, १८९५ साली लागला. १८९६ मध्ये किरणोत्सर्ग सापडला, १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन, आणि १९०० च्या डिसेंबरात प्लँकने ऊर्जेच्या पुंजांची कल्पना मांडली. नागपूरचे विद्यार्थी तेव्हा दूरच्या परीक्षांना बसत होते. १८८३ साली सुरू झालेले हिस्लॉप कॉलेज आधी कलकत्ता विद्यापीठाशी जोडलेले होते आणि १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर अलाहाबादशी जोडले गेले. प्रश्नपत्रिका तिकडून येणार आणि कोणता भाग शिकवायचा तेही तिकडेच ठरणार. ही परावलंबी व्यवस्था होती यात वाद नाही. पण तिच्यातूनच एक गोष्ट साधली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या आणि नागपूरच्या मुलाला तोच विषय त्याच पातळीवर द्यावा लागत होता. शिकवणारा कितीही मागे असो, परीक्षा त्याला पुढे ओढत होती. विज्ञानासाठी वेगळे कॉलेज आणि वेगळी प्रयोगशाळा उभारणे सरकारला टाळता आले नाही, त्यामागे हा दाब होता असे मला वाटते.

मोठी माणसे या भागात येऊन गेली नाहीत असे नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा वऱ्हाडावरून गेला. बडनेरा-वर्धा लोहमार्गावरच्या तळणी या छोट्या गावी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे लोक दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन उतरले होते. अ‍ॅनी माँडर यांनी तिथे टिपलेल्या प्रभामंडलाच्या छायाचित्रात सूर्यापासून दूरवर गेलेला एक लांब झोत दिसला आणि ते छायाचित्र खगोलशास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले. ग्रहण सुटले, सामान आवरले, मंडळी परत गेली. तळणीत त्यामागे ना वेधशाळा राहिली, ना शिकणारी शाळा. नागपुरात याहून मोठा योग आला. १९१० साली वित्त खात्यातला एक तरुण अधिकारी बदली होऊन इथे आला, त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. वय बाविशीच्या आसपास, कंपन आणि ध्वनी यांवर त्याचे निबंध आधीच प्रसिद्ध होऊ लागलेले. वर्ष पुरे होण्याच्या आतच, १९११ साली, त्याची बदली कलकत्त्याला झाली. रामन यांची पुढची कारकीर्द तिथे फुलली, कारण महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स तिथे होती आणि कार्यालय सुटल्यावर तिच्या प्रयोगशाळेत काम करता येत होते. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे पालित प्राध्यापकपद मिळाले, २८ फेब्रुवारी १९२८ ला तो प्रसिद्ध परिणाम हाती आला. नागपूरने पुढे त्या वास्तव्याची आठवण ठेवली, गांधीसागरजवळच्या विज्ञान केंद्राला १९९२ मध्ये रामन यांचे नाव दिले. ते योग्यच झाले. पण नागपूरच्या भौतिकशास्त्राची सुरुवात रामन यांच्यापासून सांगणाऱ्यांना विचारावेसे वाटते की, ते गेल्यावर इथे काय उरले? प्रतिभावान माणूस आणि त्याचे गाव यांच्यामध्ये संस्था नसेल, तर माणूस निघून जातो आणि गावाकडे फक्त नाव राहते. कलकत्त्याकडे ती संस्था होती. नागपूरकडे तेव्हा होते ते चार वर्षांपूर्वी निघालेले एक सायन्स कॉलेज. त्याचे काम शोध लावण्याचे नव्हते, शिकवण्याचे होते, आणि ते काम रामन आले तेव्हाही चालू होते, गेल्यावरही चालू राहिले.

यावर पहिला आक्षेप येतो तो उशिराचा. आइन्स्टाइनचे निबंध १९०५ चे, बोरचा अणू १९१३ चा, आणि आपल्या कॉलेजांत हे सारे पोहोचले फार नंतर, मग त्या अभ्यासक्रमाचे कौतुक कशाला? आक्षेप खरा वाटतो, पण जगाचे कॅलेंडर शेजारी ठेवले की त्याचा जोर ओसरतो. १९०५ ते १९२५ या काळात पदवीच्या वर्गात शिकवता येईल अशा स्वरूपात हा विषय कुठेच तयार नव्हता. मिलिकनने प्रकाशविद्युत परिणामाचे आइन्स्टाइनचे समीकरण १९१६ पर्यंत काटेकोर प्रयोगांनी खरे ठरवले, आणि तरीही प्रकाशाचे पुंज ही कल्पना त्याला पटत नव्हती. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या रिचमायर यांचे ‘इंट्रोडक्शन टू मॉडर्न फिजिक्स’ हे या विषयाचे सुरुवातीचे पाठ्यपुस्तक निघाले १९२८ साली. त्यानंतर सहा वर्षांनी, १९३४ मध्ये, मेघनाद साहा आणि एन. के. साहा यांचे ‘अ ट्रीटाइज ऑन मॉडर्न फिजिक्स’ अलाहाबादच्या इंडियन प्रेसने छापले. म्हणजे कॉर्नेल आणि अलाहाबाद यांच्यातले अंतर सहा वर्षांचे होते. सापेक्षतेच्या बाबतीत तर भारत पुढे होता. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन आणि मिन्कोव्हस्की यांच्या मूळ जर्मन निबंधांचे इंग्रजी भाषांतर १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाकडून प्रसिद्ध केले. लंडनमध्ये तसा संग्रह १९२३ साली आला. त्याच १९२० च्या जानेवारीत भारतीय विज्ञान परिषदेचे सातवे अधिवेशन नागपुरात भरले होते, अध्यक्ष होते प्रफुल्लचंद्र राय. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश आइन्स्टाइन म्हणतो तेवढाच वाकतो ही घोषणा लंडनमध्ये होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. विज्ञान परिषदेची अधिवेशने नागपुरात पुन्हा १९३१ आणि १९४५ मध्येही झाली.

१९२३ हे वर्ष या कथेत दोनदा येते. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले आणि बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी मेघनाद साहा कलकत्ता सोडून अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गेले. भारतातला नव्या भौतिकशास्त्राचा एक थोर अध्यापक ज्या विद्यापीठात आला, नेमक्या त्याच साली नागपूरची कॉलेजे त्या विद्यापीठातून बाहेर पडली. हे नुकसान झाले का? अलाहाबादच्या वर्गात बसणे तसेही नागपूरच्या मुलाच्या नशिबी नव्हते, संलग्नतेचा अर्थ परीक्षेपुरताच होता. आणि साहांसारख्या माणसाने वर्गात जे शिकवले ते पुस्तकरूपाने निघाले तेव्हा ते घेण्यासाठी संलग्नतेची गरज उरली नाही. उलट स्वतःचे अभ्यासमंडळ मिळाल्यामुळे कोणता विषय कधी आणायचा हे ठरवण्याची जबाबदारी प्रथमच इथल्या अध्यापकांवर आली. परक्याच्या अभ्यासक्रमाला नावे ठेवणे सोपे असते. स्वतःचा अभ्यासक्रम लिहायला बसल्यावर प्रयोगशाळेत काय आहे, काय आणता येईल आणि कोण शिकवू शकेल याचा हिशेब मांडावा लागतो.

तो हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. नवे भौतिकशास्त्र म्हटले की डोळ्यांपुढे प्रचंड यंत्रे येतात, पण पदवीच्या वर्गात ते जुन्याच उपकरणांतून शिरले. प्रत्येक सायन्स कॉलेजात स्पेक्ट्रोमीटर असतो. पितळी वर्तुळाकार तबकडी, तिच्या कडेला अंश आणि कला मोजणारी व्हर्नियर पट्टी, एका बाजूला फट असलेली नळी, दुसऱ्या बाजूला फिरवता येणारी दुर्बीण. प्रकाशशास्त्राच्या जुन्या अभ्यासक्रमात तो लोलकाचा अपवर्तनांक काढायला आणि सोडियमच्या दिव्याची पिवळी जोडरेषा मोजायला लागत असे. याच उपकरणाच्या फटीसमोर हायड्रोजनची विसर्जन नळी ठेवा आणि मध्ये इंचाला पंधरा हजार रेघांची जाळी बसवा. अंधाऱ्या खोलीत दुर्बीण हळूहळू बाजूला नेली की सुमारे पावणेसतरा अंशांवर निळसर हिरवी रेषा येते आणि सुमारे पावणेतेवीस अंशांवर ठसठशीत लाल. लालची तरंगलांबी निघते ६५६ नॅनोमीटरच्या आसपास, निळ्या-हिरव्याची ४८६. एक चतुर्थांशातून एक नवमांश वजा करा, रिडबर्गच्या स्थिरांकाने गुणा, उलटा करा, आणि लाल रेषा कागदावर अवतरते. एक चतुर्थांशातून एक सोळांश वजा केला की दुसरी. पितळेचे उपकरण तेच, मोजण्याची रीत तीच, व्हर्नियर वाचताना होणाऱ्या चुकाही त्याच. फक्त प्रश्न बदलला. आधी विचारले जात होते की प्रकाश किती वळतो, आता विचारले जाऊ लागले की अणू याच रंगांचा प्रकाश का देतो आणि मधल्या रंगांचा का देत नाही. या प्रश्नाला न्यूटनच्या गतिकीत उत्तर नाही, आणि हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने मोजलेल्या आकड्यांवरून कळते. गरीब प्रांताच्या कॉलेजाला हे परवडण्यासारखे होते. प्रकाशविद्युत घट, गायगर-म्युलर गणित्र, प्लँकचा स्थिरांक काढण्याची मांडणी ही पुढची खरेदी. दार उघडले ते स्पेक्ट्रोमीटरने.

कुणी म्हणेल की हे सगळे परदेशी शास्त्र, त्याचा बर्डीशी काय संबंध? संबंध टेकडीच्या दगडातच आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. धर्मप्रसाराइतकाच त्याला दगडांचा नाद होता. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने नागपूरच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. सीताबर्डीच्या टेकडीत काळ्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यात साचलेला एक पातळ थर आहे, याची चर्चा त्या अभ्यासात आहे. म्हणजे लाव्हा पसरला, थंड झाला, वर तळे साचले, त्यात जीव नांदले आणि मग पुन्हा लाव्हा आला. हे क्रमाने लावता आले, पण किती वर्षांपूर्वी हे सांगण्याचे साधन हिस्लॉपकडे नव्हते. ते साधन १८९६ नंतरच्या भौतिकशास्त्राने दिले. किरणोत्सर्गी पोटॅशियमचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे. त्याच्या विघटन झालेल्या शंभर अणूंपैकी सुमारे अकरांचा अरगॉन होतो आणि तो वायू थंड झालेल्या खडकाच्या स्फटिकांत अडकून राहतो. दख्खनच्या लाव्हात अशा मोजमापांनी सुमारे ६.६ कोटी वर्षे हे वय निघते. एवढ्या काळात मूळ किरणोत्सर्गी पोटॅशियमपैकी साडेतीन टक्क्यांच्या आसपासच भाग विघटित झालेला असतो, हे बी.एस्सी.चा विद्यार्थी विघटनाच्या नियमावरून दोन ओळींत काढू शकतो. १८१७ च्या लढाईत ज्या खडकावर सैनिक उभे होते त्याचे वय सांगणारे सूत्र मॉडर्न फिजिक्सच्या पेपरात आहे. वर्गात हे उदाहरण घेतले जावे असे मला फार वाटते. सूत्र पाठ करण्याऐवजी खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीला ते लावून पाहिले तर विषय परका राहत नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. हा अभ्यासक्रम घोकंपट्टीचा होता आणि आहे. नोट्स, गाइड, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, ‘हमखास येणारे’ प्रश्न, एकाचे पाहून दुसऱ्याने उतरवलेले जर्नल, आधी उत्तर ठरवून मग भरलेली निरीक्षणे. हे सगळे खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. याहून खोल दोष पुस्तकांत आहे. मॉडर्न फिजिक्सचा पेपर इतिहासाच्या क्रमाने मांडलेला असतो, पण तो इतिहास घासूनपुसून घेतलेला असतो. मायकेल्सन आणि मोर्ले यांचा १८८७ चा प्रयोग फसला म्हणून सापेक्षता जन्मली, कृष्णपदार्थाच्या प्रारणाचे कोडे सुटेना म्हणून पुंज आले, अशी सरळ रांग विद्यार्थ्यापुढे उभी केली जाते. प्रत्यक्षात आइन्स्टाइनला सतावत होते ते विद्युतगतिकीतले प्रश्न, आणि प्लँक स्वतः आपल्या पुंजांविषयी बरीच वर्षे साशंक होता. अडखळत, शंका घेत पुढे गेलेले शास्त्र निश्चित उत्तरांची यादी म्हणून शिकवले की विद्यार्थी ते पाठ करणारच. तरीही या आक्षेपातून अभ्यासक्रम निरर्थक होता असे निघत नाही. परीक्षेत प्रात्यक्षिकाचे वेगळे गुण होते, त्यासाठी बाहेरचा परीक्षक येत होता, आणि म्हणून संस्थेला उपकरण विकत घ्यावेच लागत होते. तोंडी परीक्षेत त्या परीक्षकाने ‘ही दुसरी रेषा कुठून आली?’ एवढे विचारले तरी पाठांतर संपत होते. घोकंपट्टीचे मूळ परीक्षेत काय विचारले जाते यात आहे, परीक्षा असण्यात नाही. परीक्षा नसती तर आडगावच्या कॉलेजात स्पेक्ट्रोमीटर पोहोचला नसता.

१९४५ हे वळणाचे वर्ष ठरले. जानेवारीत विज्ञान परिषद नागपुरात भरली तेव्हा अध्यक्ष होते शांतिस्वरूप भटनागर. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बाँब पडले आणि अणुकेंद्रक हा पुस्तकाच्या मागच्या पानांतला विषय राहिला नाही. त्याच वर्षी होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला, १९५७ मध्ये तुर्भ्याला प्रशिक्षणशाळा निघाली आणि तिने देशभरच्या विद्यापीठांतून मुले घ्यायला सुरुवात केली. मॉडर्न फिजिक्स चांगले आले तर त्याचे काय होते, याचे उत्तर आता विदर्भातल्या आईबापांनाही देता येऊ लागले. याच काळात नागपूर राजधानी म्हणून संपले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. विद्यापीठाचा प्रदेशही आधीपासून आक्रसत होता. १९४६ मध्ये हरिसिंग गौर यांनी सागरला विद्यापीठ काढले, ते गौर हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी आणि नागपूरचे माजी कुलगुरू होते. पुढे १९८३ मध्ये अमरावतीला, २०११ मध्ये गडचिरोलीला वेगळी विद्यापीठे झाली. राजकीय महत्त्व ओसरत असताना अभ्यासक्रम मात्र पसरत होता. वर्ध्याचे जानकीदेवी बजाज, गोंदियाचे धोटे बंधू, नागपुरातलीच शिवाजी आणि धरमपेठ ही सायन्स कॉलेजे, सगळीकडे तोच पेपर, तीच प्रात्यक्षिके. राजधानी गेल्याची खंत नागपुरात अजून बोलली जाते, या प्रसाराची नोंद मात्र फारशी होत नाही.

शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न याच शहरात धसास लावण्याचा प्रयत्न झाला, हेही सांगायला हवे. स्वातंत्र्याच्या आगेमागे नागपूर विद्यापीठाने उच्च शिक्षणात मराठी आणि हिंदी ही माध्यमे आणण्याचा निर्णय घेतला. डॉ. रघुवीर यांची संस्था १९४६ मध्ये लाहोरहून नागपुरात आली आणि शास्त्रीय परिभाषेचे कोश तिथे तयार झाले. पुढे विद्यापीठ पातळीवरची मराठी पुस्तके काढणारे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळही नागपुरातच होते. तरीही भौतिकशास्त्राचा पेपर इंग्रजीतच राहिला. परिभाषा अवघड होती हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण मला अपुरे वाटते. अवघड शब्द सवयीने सोपे होतात. खरे कारण हे की एम.एस्सी., प्रशिक्षणशाळा, नोकरीची मुलाखत या पुढच्या साऱ्या पायऱ्या इंग्रजीत होत्या, आणि ज्या पायरीनंतर जिना तुटतो त्या पायरीवर आपल्या मुलाला उभे करायला कुणी तयार नव्हते. त्यातून निघालेला मार्ग आजही चालू आहे. फळ्यावर इंग्रजी, तोंडात मराठी. ‘इलेक्ट्रॉन वरच्या लेव्हलवरून खाली पडला की तेवढी एनर्जी फोटॉन बनून बाहेर निघते’ हे वाक्य विदर्भातल्या कितीतरी वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहे. शुद्धतेच्या आग्रहाने त्याला नावे ठेवता येतील. पण समजावण्याचे काम या बोलीनेच केले, आणि ग्रंथांपेक्षा जास्त केले.

शेवटचा आक्षेप असा की शिकवणे म्हणजे विज्ञान नव्हे. शोध कुठे आहेत? बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनला निबंध पाठवला, साहांनी ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे उलगडले, रामन यांना १९३० चे नोबेल मिळाले. त्या तोडीचे नाव बर्डीच्या परिसरातून निघाले नाही. हे मान्य करून मला विचारायचे आहे की, बोस आणि साहा तरी कुठून आले? कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दोघे एकाच वर्गात बी.एस्सी. झाले. संशोधनाच्या संस्था पाया नसताना उभ्या राहत नाहीत, आणि पाया म्हणजे दरवर्षी काही शे मुलांनी तोच साधा अभ्यास पुरा करणे. त्यातला एखादा तुर्भ्याला जातो, काही महाविद्यालयात शिकवतात, आणि पुष्कळसे तालुक्याच्या शाळेत विज्ञानाचे मास्तर होतात. आठवीतल्या मुलीने ‘अणूच्या आत काय असते?’ विचारल्यावर पुस्तकातल्या वाक्यापलीकडे दोन वाक्ये सांगू शकणारा मास्तर साकोलीला किंवा हिंगणघाटला असणे हा विज्ञानाच्या इतिहासाचाच भाग आहे. इतिहास लिहिणारे शोधांची यादी करतात, कारण यादी करणे सोपे असते.

हा अभ्यासक्रम आता पुन्हा मोडून मांडला जात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर, क्रेडिट अशी नवी रचना आणली आणि स्वायत्त महाविद्यालये आपापला अभ्यासक्रम लिहू लागली. स्वातंत्र्य मिळाले ते चांगलेच झाले. मात्र क्रेडिटच्या गणितात प्रात्यक्षिकाचे तास कापले जाण्याचा, आणि हायड्रोजनच्या रेषा संगणकाच्या पडद्यावर दाखवून वेळ वाचवण्याचा मोह मोठा आहे. पडद्यावरची रेषा नेहमी नेमक्या जागी असते, तिथे व्हर्नियर चुकत नाही, आणि म्हणून तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. या फेरमांडणीत आणखी एक गोष्ट चालली आहे. प्रत्येक शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयात डेडस्टॉक रजिस्टर असते. कोणते उपकरण कोणत्या तारखेला, कुणाकडून, किती रुपयांना घेतले, कधी बिघडले आणि कधी निर्लेखित झाले, याची हाताने लिहिलेली नोंद त्यात असते. पहिली हायड्रोजन नळी, पहिला प्रकाशविद्युत घट, पहिला गायगर गणित्र कोणत्या कॉलेजात कोणत्या साली आला, हे त्या रकान्यांतून वाचता येते, आणि त्यावरून नवे भौतिकशास्त्र बर्डीवरून वर्ध्याला, गोंदियाला, चंद्रपूरला कसे सरकत गेले याचा नकाशा काढता येतो. जुने फर्निचर निकालात काढताना ही रजिस्टरेही रद्दीत जातात. विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त २०२३ च्या जानेवारीत विज्ञान परिषद पुन्हा नागपुरात भरली होती. विद्यापीठाने जुने अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि ही रजिस्टरे संलग्न महाविद्यालयांकडून मागवून एका खोलीत आणावीत. काम एका ग्रंथपालाचे आणि दोन वर्षांचे आहे, आणि भौतिकशास्त्राचे निवृत्त अध्यापक त्यासाठी आनंदाने बसतील.